परत ठेवण्याचे गुण

आरोलकर शेठनी माप सांगितलं:
गिऱ्हाईक दुकानात अकरा मिनिटं थांबतं,
ते वीस कर.
कसं, ते तुझं तू बघ.

दाभोली नाक्यावरच्या माडीवर बसून
मी एक रतांबा घडवला.
नेल्सनने त्याला डोळे काढले,
आणि पाय. रतांब्याला ते शोभत नव्हते,
पण तोवर रात्रीचे दोन वाजले होते, राहू दिले.

हा रतांबा दुकानात लपतो.
कधी पोह्यांच्या थप्पीमागे, कधी फिनेलच्या बाटल्यांत.
फोन समोर धरला की दचकतो, पळतो,
वस्तू उचललीत की टिंग करतो
आणि तिच्या किमतीइतका फुगतो.
शंभर गुणांना साबण.
दोनशेला स्टीलचा डबा,
शेठच्या बहिणीच्या लग्नात उरलेला,
झाकणावर वधूवरांची नावं, तारीख, सगळं.

पहिल्या आठवड्यात तीन चुका सापडल्या.
लाइट गेली की रतांबा छतावर जाऊन बसायचा.
खाऱ्या बांगड्याच्या पाकिटाला कॅमेरा चप्पल म्हणायचा.
आणि हायस्कुलातली पोरं काही न घेता
गल्ल्यांतून नुसती धावायची.
शेठ म्हणाले, पोरांची मिनिटं धरू नकोस.

चौथी चूक द्वारका गिरप.

बंदीचा महिना. होड्या झापांखाली.
ती मुलाचा फोन घेऊन आली, काचेला कोपऱ्यापासून तडा.
माडीवरून मला ती निळ्या ठिपक्यासारखी दिसत होती.
तेलाची लिटरची पिशवी घेतली, ठेवली, अर्धा लिटर घेतलं.
डब्यातला चहा ठेवून सुटा घेतला.
शांपूच्या बाटलीपाशी ठिपका बराच वेळ हलला नाही,
मग पुड्यांच्या माळेकडे गेला.
डाळीकडे तीनदा गेला.
बेचाळीस मिनिटं.
इतका वेळ कोणीच खेळलं नव्हतं.
गुण: चौदा.

ती जिना चढून वर आली.
"माझो झील म्हणता ह्यो खेळ आसा.
मगे मी हरलंय कशी?
तेवीस जिनसा उचललंय, सतरा परत ठेवलंय,
दोनशेच्या नोटेत सगळा बसयलंय, वर धा रुपये उरले.
तुझो रतांबो तेव्हा निजलेलो काय?"

मी आत जाऊन पाहिलं.
उचलण्याचा हिशेब चाळीस ओळींचा.
परत ठेवण्यापुढे एकच टीप, माझ्याच हातची:
नंतर बघू.

आणि हा खेळ मला येत होता.
आई पैसे मोजून द्यायची, आणि कमी पडले तर
काय सोडायचं तेही ठरवून:
आधी बिस्किटं, मग धुण्याची पावडर, चहा अगदी शेवटी.
मी एकदाच हरलो.
बिस्किटं सोडली नाहीत.
त्या आठवड्यात शाळेचा सदरा नुसत्या पाण्यातून काढला होता.

रात्री ती ओळ भरली.
परत ठेवलेल्या प्रत्येक जिनसेला दहा गुण.
मागच्या हिशेबालाही लावली.

शेठ पडद्याकडे बघत राहिले.
"म्हणजे न विकल्याचं बक्षीस मी देणार?"
मी म्हटलं, मिनिटं बघा.
ते मिनिटं बघत राहिले,
मग गल्ल्याकडे, मग पुन्हा मिनिटं.
मग म्हणाले, नारळी पुनवेपर्यंत चालू दे.

दुसऱ्या दिवशी द्वारका आली, एकशे चौऱ्याऐंशी गुण.
काडेपेटी उचलली, ठेवली. मीठ उचललं, ठेवलं.
आता हे ती मुद्दाम करत होती का, कोण जाणे.
दोनशे चार.

शेठनी स्वतः डबा हातात दिला.
तिने झाकण उजेडात धरलं, नावं वाचली,
चिरंजीव, सौभाग्यकांक्षिणी,
तारीख बोटाने पुसून पाहिली.
"माका दुसऱ्याच्या लग्नातला नको,"
म्हणाली, आणि डबा काउंटरवर ठेवून दिला.

डब्याच्या बुडाला मीच बारकोड चिकटवला होता.
तिच्या हातातला फोन टिंग करून उजळला,
तड्याच्या दोन्ही बाजूंना: अधिक दहा.
रतांबा आपल्या त्या पायांवर
उगाचच नाचत होता.